ईश्वर न्यायी आहे असे कोण कशाच्या आधारे म्हणाले? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

आरंभीच्या इस्लामी धर्मचिंतनात ईश्वराचा न्याय आणि माणसाची जबाबदारी यांवर मोठा वाद झाला. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. काळ मुख्यतः सातव्या ते अकराव्या शतकाचा आहे, आणि ठिकाणे बसरा, बगदाद, दमास्कस, समरकंद.

प्रश्न : आमच्या शेजारी खोजा शिया कुटुंब राहते. त्यांच्या मुलांना धर्माची पाच मूळतत्त्वे शिकवतात. त्यांतले दुसरे ‘अद्ल’, म्हणजे ईश्वराचा न्याय. ऑफिसातले रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान सहकारी मात्र सांगतात की त्यांच्या श्रद्धेच्या यादीत न्याय असे वेगळे कलम नाही. मग सुन्नी ईश्वराला न्यायी मानत नाहीत का? (मुंबई)

मानतात. आणि दोघांनीही तुम्हाला बरोबरच सांगितले आहे. इस्ना अशरी शियांची पाच तत्त्वे अशी : तौहीद, अद्ल, नबुव्वत, इमामत, कयामत. सुन्नी मदरशांत लहान मुलांकडून ‘ईमान-ए-मुफस्सल’ पाठ करून घेतात. त्यात अल्लाह, फरिश्ते, ग्रंथ, प्रेषित, अखेरचा दिवस, ‘बरी-वाईट तकदीर अल्लाहकडूनच’ आणि मेल्यावर पुन्हा उठणे अशा सात गोष्टी येतात. एका यादीत न्याय आहे, दुसरीत तकदीर आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या वादाची ही खूण आजही मुलांच्या तोंडी आहे.

वाद असा होता. न्याय-अन्याय ओळखण्याचे माप माणसाच्या बुद्धीला आधीच ठाऊक आहे आणि ईश्वर त्या मापाला उतरेल असेच वागतो, हे एक मत. ते बसरा-बगदादच्या मुताझिला पंडितांचे. ते स्वतःला ‘न्याय आणि एकत्व मानणारे’ म्हणवत. दुसरे मत असे की ईश्वर सर्वांचा मालक आहे, त्याच्यावर कोणाचा कायदा चालत नाही, म्हणून तो करील तोच न्याय. हे अबुल हसन अशअरी आणि त्यांच्या अनुयायांचे मत. बगदादचे शिया विद्वान शेख मुफीद (मृत्यू १०२२) आणि शरीफ मुर्तझा (मृत्यू १०४४) यांनी न्यायाच्या प्रश्नात पुष्कळसे मुताझिली विचार स्वीकारले, म्हणून अद्ल त्यांच्या मूळतत्त्वांत पक्के बसले. कोकणी मुसलमान सुन्नींच्या शाफई या कायदेपंथाचे आहेत, आणि शाफई परंपरा बहुतांशी अशअरी विचारांची. हनफी या दुसऱ्या कायदेपंथाचे लोक सर्वसाधारणपणे समरकंदच्या मातुरीदींच्या (मृत्यू ९४४) मागे जातात. त्यांची भूमिका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी पडते. तिच्याबद्दल पुढे.

प्रश्न : हा वाद सुरू कसा झाला? ग्रीक तत्त्वज्ञान वाचून का?

ग्रीक ग्रंथांची भाषांतरे जोरात सुरू होण्याआधीच वाद पेटलेला होता. कारण होते रक्तपात. ६५७ साली सिफ्फीनला खलिफा अली आणि सिरियाचा सुभेदार मुआविया यांच्या फौजा समोरासमोर आल्या, म्हणजे मुसलमानांनी मुसलमान मारले. मग प्रश्न निघाला की खून करणारा मुसलमान, मुसलमान उरतो का? खारिजी म्हणाले, नाही, तो धर्माबाहेर गेला. मुर्जिआ म्हणाले, निवाडा ईश्वरावर सोडा, आपण त्याला मुसलमानच म्हणू. बसऱ्याचे हसन बसरी (मृत्यू ७२८) अशा माणसाला ढोंगी म्हणत. वासिल बिन अता (मृत्यू ७४८) म्हणाले की तो ना श्रद्धावान ना काफिर, तो दोन मुक्कामांच्या मधल्या मुक्कामावर आहे. मुताझिलांची पुढे जी पाच तत्त्वे ठरली त्यांतले हे एक. बाकीची चार म्हणजे एकत्व, न्याय, आश्वासन आणि इशारा खरे ठरणे, आणि चांगल्याची आज्ञा देऊन वाइटाला आडकाठी करणे.

दुसरी ठिणगी सत्तेची. दमास्कसच्या उमय्या राज्यकर्त्यांवर आरोप होता की ते माणसे मारतात, पैसा लुटतात आणि वर म्हणतात, ‘जे घडते ते ईश्वराच्या लिखिताप्रमाणेच घडते.’ माबद जुहनी यांनी हे हसन बसरींना विचारले तेव्हा ‘ईश्वराचे शत्रू खोटे बोलतात’ असे उत्तर मिळाल्याची नोंद आहे. माबद सातव्या-आठव्या शतकाच्या सांध्यावर मारले गेले. त्यांच्यानंतर गैलान दमिश्की यांना खलिफा हिशामच्या (७२४–७४३) कारकिर्दीत हातपाय तोडून ठार केले. माणूस आपल्या कृत्यांचा कर्ता आहे असे म्हणणाऱ्या या लोकांना विरोधकांनी ‘कदरिया’ म्हटले (कदर म्हणजे तकदीर). सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातला (हदीस म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींची नोंद) श्रद्धेवरचा भाग सुरू होतो तोच मुळी ‘बसऱ्यात कदरविषयी प्रथम बोलला तो माबद’ या वाक्याने. त्यावरून प्रकरण किती गाजले असेल ते दिसते.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळा. ‘नियतिवादी म्हणजे सरकारधार्जिणे, स्वातंत्र्यवादी म्हणजे बंडखोर’ अशी मांडणी अनेक लोकप्रिय पुस्तकांत सापडते. ती अर्धीच खरी आहे. माणसाच्या हातात काहीच नाही, त्याचे कर्म झाडाच्या हलण्यासारखे आहे असे टोकाचे मत ज्यांच्या नावावर आहे ते जहम बिन सफवान खुरासानात उमय्यांविरुद्धच्याच उठावात होते, आणि ७४६ साली मारले गेले तेही उमय्यांच्या बाजूकडून. उलट ७४४ मध्ये थोडे महिने गादीवर आलेला यझीद तिसरा हा उमय्या खलिफाच कदरियांचा पाठीराखा होता.

प्रश्न : कुराण याबाबत काय सांगते? एकच उत्तर मिळत नाही का?

दोन्ही पक्ष कुराणच पुढे करत, आणि दोघांनाही आधार सापडे. ‘ज्याला वाटेल त्याने श्रद्धा ठेवावी, ज्याला वाटेल त्याने नाकारावी’ (१८:२९), ‘कोणी दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही’ (६:१६४), ‘अल्लाह कोणावर ताकदीबाहेरचा भार टाकत नाही’ (२:२८६) ही एका बाजूची वचने. ‘अल्लाहने इच्छिल्याशिवाय तुम्ही इच्छिणारही नाही’ (७६:३०), ‘तो जे करतो त्याबद्दल त्याला कोणी विचारणार नाही, त्यांना मात्र विचारले जाईल’ (२१:२३) ही दुसऱ्या बाजूची.

नुसती वचने मोजून हाती काही लागत नाही. एक वचन जवळून पाहू : ‘अल्लाहने तुम्हाला आणि तुम्ही जे करता ते निर्माण केले’ (३७:९६). अशअरींचे हे आवडते वचन, कारण ‘तुम्ही जे करता’ म्हणजे ‘तुमची कर्मे’ असे घेतले की प्रश्नच मिटतो. मुताझिला म्हणत, आधीची ओळ वाचा. तिथे इब्राहीम मूर्तिपूजकांना विचारतात, ‘तुम्ही स्वतः कोरता त्यांचीच पूजा करता?’ तेव्हा ‘जे करता’ म्हणजे कोरलेले दगड-लाकूड. पूजेचे कर्मही ईश्वरानेच निर्माण केले असेल तर इब्राहीम त्या लोकांना दोष देत नाहीत, त्यांच्या हाती सबब देतात! अरबी व्याकरणात दोन्ही अर्थ बसतात. संदर्भाचा विचार केला तर या एका ठिकाणी मुताझिलांचे वाचन अधिक नैसर्गिक वाटते. त्यांची पंचाईत होते ती ‘अल्लाहने त्यांच्या हृदयांवर मोहोर मारली’ (२:७) अशा वचनांपाशी. तिथे ‘आधी त्यांनी नाकारले, मग मोहोर ही खूण किंवा शिक्षा’ असे समजावून सांगावे लागते.

सगळ्यांत अवघड प्रकरण प्रेषितांचा विरोधक चुलता अबू लहब याचे. सूरा १११ मध्ये तो आगीत जाईल असे त्याच्या हयातीतच सांगून टाकले आहे. तरीही श्रद्धा ठेवण्याची आज्ञा त्यालाही होती. त्याने ती पाळली असती तर वचन खोटे पडले असते. मग त्याला अशक्य गोष्टीची आज्ञा झाली काय? अशअरी परंपरेत याचा उपयोग ‘अशक्याची आज्ञा देणेही ईश्वराला शक्य आहे’ हे दाखवण्यासाठी झाला. मुताझिलांचे उत्तर असे की ज्ञान हे घटनेच्या मागे जाते, घटनेला ढकलत नाही. तो नाकारणार होता म्हणून ईश्वराला तसे ठाऊक होते, आणि त्याने स्वीकारले असते तर ईश्वराला तेच ठाऊक असते आणि वचनही तसेच आले असते.

प्रश्न : मी वकिली करतो. माणसाला जबाबदार धरण्यासाठी मुताझिला नेमक्या कोणत्या अटी घालत?

काझी अब्दुल जब्बार (मृत्यू १०२५) स्वतः रय शहराचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला त्यांच्याकडे चोख उत्तर आहे. माणसाला शहाणपणाची समज हवी. काय करायचे हे त्याला माहीत हवे, निदान कळून घेता येण्याजोगे हवे. लागणारे साधन हाताशी हवे. करण्याची ताकद कृतीच्या आधीपासून अंगात हवी, आणि तीच ताकद करणे व न करणे या दोन्हींना पुरणारी हवी. मोह आणि धाक दोन्ही हवेत, म्हणजे निवड खरी ठरते. आणि शेवटी, तो अगतिक नसावा. समोर हिंस्र श्वापद पाहून जो पळाला त्याची पळण्याबद्दल स्तुती कोणी करत नाही, कारण पळण्यावाचून त्याच्यापुढे दुसरे काही उरलेलेच नव्हते.

ताकद आधीपासून हवी हा मुद्दा किरकोळ दिसतो, पण सगळा वाद तिथे अडतो. अशअरी म्हणत की ताकद कृतीच्या क्षणीच मिळते आणि त्याच एका कृतीपुरती असते. मुताझिलांनी विचारले, मग ज्याने नमाज चुकवली त्याच्याकडे नमाजाची ताकद कधी होती? नव्हती, तर शिक्षा कसली?

परिणामांची जबाबदारी कुठवर, यावर तर खुद्द मुताझिलांचेच एकमत नव्हते. त्यांचे ठरलेले उदाहरण बाणाचे. माणसाने बाण सोडला, बाण हवेत असतानाच तो मेला, आणि मग बाण लागून दुसरा मेला. खून कोणी केला? अबुल हुझैल म्हणाले, सोडणाऱ्यानेच. परिणाम कसा घडतो हे कर्त्याला ठाऊक असेल तर तो परिणाम त्याचाच, मग तो जिवंत असो वा नसो. नज्जाम म्हणाले, माणसाचे कर्म त्याच्या शरीरातल्या हालचालीपाशी संपते, पुढे बाण जातो तो ईश्वराने वस्तूत घातलेल्या स्वभावाने. सुमामा बिन अशरस तर म्हणाले की अशा परिणामांना कर्ताच नाही. बगदाद शाखेचे मूळपुरुष बिश्र बिन मुअतमिर (मृत्यू ८२५) दुसऱ्या टोकाला गेले : आपल्या कृतीतून जे जे निघाले ते सर्व आपले. नेशास्ता (स्टार्च) आणि साखर एकत्र करून शिजवल्यावर फालुदजला येणारी चवसुद्धा शिजवणाऱ्याचेच कर्म. (फालुदज हा त्या काळचा आटवलेला गोड पदार्थ, आजच्या फालुद्याचा नामपूर्वज.) अबुल हुझैल रंग, चव, उष्णता या गोष्टी ईश्वराच्या खात्यात टाकत, कारण त्या कशा घडतात हे माणसाला उमगत नाही.

न्यायाच्या दृष्टीने अबुल हुझैलांची कसोटी सर्वांत टिकाऊ वाटते. नज्जामांचे मत घेतले तर मारेकऱ्याने फक्त बोट सोडले एवढेच उरते, आणि बिश्र यांचे घेतले तर ज्याची कल्पनाही नव्हती तेही माणसाच्या गळ्यात पडते.

प्रश्न : लहान मुलांना असाध्य आजार का होतात? आपल्याकडे पूर्वजन्मीचे कर्म असे उत्तर देतात. मुसलमान धर्मपंडितांनी हा प्रश्न कसा सोडवला? (पुणे)

या प्रश्नावर मुताझिलांनी जितका नेटाने विचार केला तितका त्या काळात फार थोड्यांनी केला असेल. निष्पाप जिवाला वेदना देणे हा अन्याय आहे, हे त्यांना मान्यच होते. म्हणून ‘ईश्वराची मर्जी’ म्हणून त्यांना सुटता येईना.

त्यांच्यासमोर असलेली काही उत्तरे पाहा. बक्र नावाच्या एका विचारवंताने मुलांना वेदना होतच नाहीत असे म्हणून टाकले. तत्त्व वाचवण्यासाठी डोळ्यांदेखतची गोष्ट नाकारली की काय होते त्याचे हे उदाहरण. पुनर्जन्माचे उत्तरही पुढे आले होते, आणि तेही मुताझिलांच्या अंगणातूनच! नज्जामांचे शिष्य अहमद बिन खाबित आणि फज्ल हदसी यांच्या नावावर असे मत नोंदलेले आहे : सर्व जीव आधी दुसऱ्या एका जगात निरोगी आणि ज्ञानी असे निर्माण झाले. ज्यांनी सगळ्या आज्ञा पाळल्या ते तिथेच राहिले, ज्यांनी एकही पाळली नाही ते नरकात गेले, आणि ज्यांनी काही पाळल्या काही मोडल्या ते आपापल्या पापाच्या मानाने माणसांच्या आणि जनावरांच्या देहांत या जगात आले. इतर मुताझिलांनी या दोघांना आपल्यातून बाहेर काढले. अब्दुल जब्बारांचा युक्तिवाद थोडक्यात असा की दुःख ही नेहमी शिक्षाच असेल तर आजारी पडलेले प्रेषितही पापी ठरतील, आणि जाणत्या जिवाला मागचे आयुष्य जराही आठवू नये हे पटण्यासारखे नाही.

मुताझिलांच्या मुख्य प्रवाहाने दिलेले उत्तर म्हणजे भरपाई. ईश्वर वेदना देतो तेव्हा ती भरून देण्याचे बंधन तो स्वतःवर घेतो, आणि भरपाई इतकी मोठी असते की त्या जिवाला आधी सगळे समजले असते तर त्याने वेदनेसह ती पत्करली असती. मग एवढे पुरेसे आहे का? अबू अली जुब्बाई (मृत्यू ९१५) म्हणाले, पुरेसे आहे. त्यांचा मुलगा अबू हाशिम (मृत्यू ९३३) म्हणाला, नाही. नदीतले पाणी उपसून पुन्हा नदीतच ओतण्यासाठी मजूर ठेवला आणि त्याला पुरेपूर मजुरी दिली, तर अन्याय झाला नाही हे खरे, पण काम निरर्थकच झाले. ईश्वर निरर्थक काही करत नाही. म्हणून भरपाईच्या जोडीला त्या वेदनेतून कोणाला तरी जाग येणे, सन्मार्गाला लागणे हेही हवे. उलट अब्बाद बिन सुलैमान म्हणाले की इतरांना बोध झाला की पुरे, भरपाईची गरज नाही. हे मत बहुतेकांनी नाकारले, आणि योग्यच केले. एकाच्या यातनेवर दुसऱ्याचा धडा उभा करायचा आणि त्या एकाला काहीच द्यायचे नाही, हा सरळ अन्याय आहे.

हिशोब जनावरांपर्यंत जातो. कत्तलीची परवानगी ईश्वराने दिली आहे, तर कापलेल्या जनावराची भरपाईही त्याच्याकडेच लागते. एका जिवाने दुसऱ्याला विनाकारण दुखवले तर ईश्वर दुखवणाऱ्याच्या वाट्याच्या भरपाईतून वळती करून दुसऱ्याला देतो. शिंगे नसलेल्या बकरीला शिंगे असलेल्या बकरीकडून हक्क मिळवून दिला जाईल, असे सांगणारी हदीस या चर्चेत येते.

अशअरींची (८७४–९३६) बाजू इथे ऐकायला कठोर वाटते. ‘किताब अल-लुमा’त त्यांनी साफ लिहिले आहे की ईश्वराने परलोकात बालकांना यातना दिल्या तरी तो न्यायीच ठरेल. त्यांचा मुद्दा समजून घ्यायला हवा. अन्याय म्हणजे दुसऱ्याच्या मालकीवर अतिक्रमण किंवा वरिष्ठाने आखलेली हद्द ओलांडणे. ईश्वराला ना वरिष्ठ, ना त्याच्या मालकीबाहेर काही. ईश्वर असे करीलच असे ते म्हणत नाहीत. तो काय करणार हे प्रेषितांकडून कळते, आपल्या तर्काने त्याला बांधता येत नाही, इतकेच त्यांचे म्हणणे. ईश्वराच्या मोठेपणाची ही जाणीव खरी आहे. पण मग ‘न्यायी’ या विशेषणातून भक्ताला नेमका कोणता दिलासा मिळायचा, याला समाधानकारक उत्तर त्यांच्या ग्रंथांत सापडत नाही.

जाता जाता, कलामच्या (इस्लामी धर्मचिंतनशास्त्राच्या) ग्रंथांत ‘बराहिमा’ म्हणजे ब्राह्मण हा एक ठरलेला प्रतिपक्ष असतो. बुद्धीने चांगले-वाईट कळते, मग प्रेषित कशाला, असे त्यांच्या तोंडी घातलेले असते. भारतातल्या कोणत्याही ब्राह्मणी परंपरेचे हे नीट वर्णन नाही. त्यावरून हिंदू मतांविषयी काही ठरवू नये.

प्रश्न : पापपुण्याचा जमाखर्च कसा मांडत? पुण्याने पाप फिटते का?

यावर बाप-लेकांचा आणखी एक मतभेद आहे, तो आकड्यांनिशी देतो. समजा एखाद्याच्या पुण्याचे फळ १० भाग आणि पापाची शिक्षा २० भाग. अबू अली म्हणत, मोठी रक्कम लहान रकमेला पूर्ण पुसून टाकते. म्हणून त्याला २० भागच शिक्षा, १० भाग पुण्य वाया गेले. अबू हाशिम म्हणत, वजाबाकी होते, आणि शिक्षा १० भाग उरते. ‘कणभर चांगले केले तरी ते दिसेल’ (९९:७) या वचनाशी मुलाचाच हिशोब जुळतो, आणि अब्दुल जब्बारांनीही त्यालाच कौल दिला. दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट सारखी होती : मोठे पाप करून तौबा न करता जो मेला त्याची नरकातून सुटका नाही. ईश्वराने इशारा दिला आहे, तो खोटा पडणार नाही. अशअरी आणि मातुरीदी इथे वेगळे झाले. ईश्वर हवे तर माफ करील, प्रेषिताच्या रदबदलीनेही सोडील, असे ते मानतात. सामान्य माणसाचा ओढा त्यांच्याकडे का गेला याचे एक कारण मला इथे दिसते.

तौबा खरी ठरायला दोन गोष्टी लागतात. झाल्याचा पश्चात्ताप, तोही ते कृत्य वाईट होते म्हणून, अंगाशी आले म्हणून नव्हे. आणि पुन्हा न करण्याचा निश्चय. दुसऱ्या माणसाचे नुकसान केले असेल तर ते भरून देणेही आले. चोरलेला पैसा खिशात ठेवून केलेली तौबा पोहोचत नाही. एक पाप चालू ठेवून दुसऱ्याची तौबा करता येते का? अबू अली म्हणाले येते, अबू हाशिम म्हणाले येत नाही, कारण वाईट म्हणून सोडायचे असेल तर जे जे वाईट म्हणून ठाऊक आहे ते सगळेच सोडावे लागेल.

प्रश्न : तीन भावांची गोष्ट ऐकली आहे. ती ऐकवून अशअरींनी आपल्या गुरूला निरुत्तर केले म्हणतात. खरी आहे का?

गोष्ट अशी. तीन भाऊ होते. एक पुण्यवान मेला, एक पापी मेला, एक बालपणीच गेला. बालक ईश्वराला विचारते, मला आयुष्य का दिले नाही? मीही पुण्य करून वरची जागा मिळवली असती. गुरू अबू अली जुब्बाई ईश्वराच्या वतीने उत्तर देतात, तू मोठा होऊन पाप करणार होतास, तुझे भले त्यातच होते. तेव्हा नरकातला भाऊ ओरडतो, मग मलाही लहानपणीच का नेले नाही? गुरू गप्प.

अशअरी चाळिशीच्या सुमारास, साधारण ९१२ मध्ये, मुताझिला पक्ष सोडून गेले हे खरे. पण ही गोष्ट त्यांच्या स्वतःच्या आज उपलब्ध ग्रंथांत नाही, नंतरच्या लेखकांकडे आहे. आणि ती नेमकी जुब्बाईंना लागूही पडत नाही. ईश्वराने प्रत्येकाचे जास्तीत जास्त भले केलेच पाहिजे, हे मत बगदाद शाखेचे. जुब्बाई बसरा शाखेचे. त्यांच्या मते आयुष्य लांबवणे ही कृपा आहे, कर्तव्य नाही. कर्तव्य एवढेच की ज्याच्यावर जबाबदारी टाकली त्याला ती पार पाडायला लागणारी मदत द्यायची. ते गप्प बसले नसते. बगदादवाल्यांना मात्र ही गोष्ट खरोखर जड जाते.

प्रश्न : अशअरींचे ‘कस्ब’ म्हणजे शब्दांची कसरत नाही का?

त्यांचे टीकाकार तसेच म्हणत. एखादी गोष्ट फार धूसर असली की ‘अशअरींच्या कस्बहूनही सूक्ष्म’ असे म्हणण्याची रीतच पडली. तरी कल्पना नीट मांडली तर तितकी पोकळ नाही. थंडीतापाने थरथरणारा हात आणि आपण उचललेला हात, दोन्ही हालचालीच आहेत, पण फरक आपल्याला आतून जाणवतो. अशअरी म्हणतात, दोन्ही हालचाली ईश्वरानेच निर्माण केल्या. दुसरीबरोबर मात्र त्याने आपल्यात ताकदही निर्माण केली. त्या ताकदीनिशी जे घडते ते आपण ‘मिळवतो’ (कस्ब म्हणजे मिळवणे), आणि जबाबदारी त्या मिळवण्याची.

प्रश्न उरतोच की त्या ताकदीने काही घडते का? अशअरींच्या मांडणीत घडत नाही, घडवणारा ईश्वरच. पुढे बाकिल्लानी (मृत्यू १०१३) यांनी वाट काढली. अनाथ मुलाला चापट मारली. हालचाल तीच, पण शिस्तीसाठी मारली तर पुण्य, छळासाठी मारली तर पाप. हालचाल ईश्वराची, तिला पाप किंवा पुण्य करणारा गुण माणसाच्या ताकदीतून येतो. जुवैनी (मृत्यू १०८५) शेवटी शेवटी आणखी पुढे गेले : जिचा परिणाम शून्य ती ताकद म्हणजे ताकद नसणेच. मातुरीदींनी निवड माणसाची आणि निर्मिती ईश्वराची अशी सरळ विभागणी केली. तीच मला या बाजूची सर्वांत स्पष्ट मांडणी वाटते, आणि आपल्याकडच्या बहुसंख्य हनफी मुसलमानांची औपचारिक भूमिकाही तीच आहे. शियांमध्ये इमाम जाफर सादिक (मृत्यू ७६५) यांच्या नावावर सूत्र सांगतात : ना सक्ती, ना पूर्ण मोकळीक, दोहोंमधले काहीतरी.

प्रश्न : सगळे लिहिलेलेच असेल तर आजारात काळजी घेण्याचा काय उपयोग?

सिरियात अमवासची साथ आली (६३८–३९) तेव्हा खलिफा उमर वाटेवर सर्ग या ठिकाणाहून परत फिरले. सिरियातले सेनापती अबू उबैदा यांनी विचारले, ईश्वराच्या तकदीरपासून पळता? उमर म्हणाले, ईश्वराच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जातो आहे. दरीच्या दोन बाजू आहेत, एक हिरवी, एक उजाड. उंट कुठेही चारला तरी तकदीरच, पण शहाणा कुठे चारील? बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आहे.

प्रश्न : मुताझिला विचार संपला कसा? ग्रंथ जाळले का?

८३३ मध्ये खलिफा मामूनने विद्वानांची चौकशी सुरू केली. ती न्यायाबद्दल नव्हती, कुराण निर्मित आहे की अनादि याबद्दल होती. मुताझिलांचे मत सक्तीने लादले गेले, अहमद बिन हंबल यांना फटके बसले, आणि मुतवक्किलच्या काळात चौकशी बंद झाल्यावर मुताझिलांच्या नावाला कायमचा डाग लागला. तरीही विचार पुढे दोन-अडीच शतके बहरातच होता. अब्दुल जब्बार त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी लिहीत होते. सुन्नी जगातून तो हळूहळू ओसरला, पण येमेनच्या झैदी शियांनी ग्रंथ उतरवून घेऊन जपले.

विसाव्या शतकाच्या मध्याला इजिप्तच्या अभ्यासकांना अब्दुल जब्बारांचा ‘मुग्नी’ येमेनमध्येच सापडला आणि १९६०च्या दशकात तो कैरोत छापला गेला. मूळ २० भागांपैकी १४ मिळाले. न्यायान्यायाचा सहावा, कर्मांच्या निर्मितीचा आठवा, बाणाच्या वादाचा नववा, जबाबदारीच्या अटींचा अकरावा, आणि वेदना, भरपाई व ईश्वरी मदत यांचा तेरावा हे भाग त्यांत आहेत.